मॅडमची काळी भुकटी आणि आपला गेरू

पुंडलिकनगर, औरंगाबाद
१९ एप्रिल २०१६

तीर्थरूप सूर्यभानमामांचे पाय धरून भाचा राम याचा दंडवत.

मामीचा गुडघा, काळ्या बोकडाचा खोकला, दिपालीची बारावी आणि टँकरची पाळी, या चारींची हालहवाल उलट टपाली कळवावी. (दिपाली, पत्र तूच वाचून दाखवणार, म्हणून सांगतो: कंसातलं मोठ्यानं वाचू नको.) इकडं मी खुशाल. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही ‘बोल लवकर, बिल वाढतंय’ म्हणता, फोन मी केलेला असला तरी. आणि ही गोष्ट लवकर बोलायची नाय.

तुम्ही मागं विचारलं होतं की पोरगं शहरात नेमकं करतं काय. मंडपवाल्याकडं सव्वा महिना आणि रसवंतीवर नऊ दिवस काढल्यावर आता प्रांजली मॅडमकडं दोन महिने टिकलोय. मॅडम रंगाच्या सांडपाण्यावर पीएचडी करतात. चितेगावच्या बाजूला कापड रंगवायचा एक कारखाना हाय, त्याच्या नाल्यातलं लाल पाणी कॅनमध्ये भरून मोटारसायकलीवर आणायचं, एवढंच माझं काम. मॅडम त्यात त्यांची काळी भुकटी टाकतात. एक जातीची माती आणि लोखंडाच्या गंजाचा भाऊबंद शोभावा असा पदार्थ, दोन्ही मिळून केलेली. कण इतके बारीक की आपल्या गिरणीनं हात जोडावेत. त्याला नॅनोकंपोझिट म्हणतात. मेंढराच्या लोकरीला गोखरू चिकटावा तसा पाण्यातला रंग या कणांना चिकटतो, मग बाहेरून लोहचुंबक लावलं की भुकटी रंगाला घेऊन काचेच्या कडेला जाऊन बसते, आणि पाणी मोकळं. (पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरं वाटंना म्हणून मी बाटली उलटी केली. ती गोष्ट मॅडम अजून काढतात.)

तर गेल्या सोमवारच्या आधीचा सोमवार. कॅन बांधून निघालो, तर वाटेत एका शेतात बोअरची गाडी लागलेली. सातशे फूट गेलं तरी धूळच. पाणी लागल्याशिवाय उठायचं नाय असं शेतमालकानं ठरवलं होतं, त्याला एकट्याला सोडून जाणं बरं दिसंना, म्हणून मीही बसलो. (पाणी लागलं नाय. पण पिठलं लई झकास होतं.) नाल्यावर पोचेपर्यंत दिवस कलला. बघतो तर पाण्यावाचून कारखाना दोन दिवस बंद, नाला कोरडाठाक. आणि गुरुवारी मॅडमचे सर प्रयोग बघायला येणार. रिकामा कॅन दाखवायची छाती होईना, म्हणून मुक्कामाला तुमच्याकडं आलो.

सकाळी तुम्ही शेळ्यांच्या धारा काढत होता आणि मला पडवीत मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा गेरूचा डबा दिसला. लाल ते लाल, असा सरळ विचार मी केला. अख्खा डबा कॅनमध्ये ओतला, हौदातलं पाणी घातलं आणि हलवलं. मामीनं विचारलं, डबा कुणी सांडला, तर मी म्हणालो बोकडानं. तुम्ही त्याला दोन काठ्या हाणल्या. त्यानं माझ्याकडं बघितलं ते मी विसरलो नाय.

गुरुवारी मॅडमनी दोन बाटल्या मांडल्या. एकीत भुकटी, दुसरी तशीच, ताडून बघायला. सरांचा चहा होईपर्यंत भुकटीची बाटली नितळ झाली. सर खूश. मग त्यांची नजर दुसरीवर गेली. तीही नितळ, तळाला बोटभर लाल गाळ.

सर म्हणाले, “प्रांजली, भुकटी न टाकताच काम होतंय की.”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. “राम, हे पाणी कुठलं?”

“चितेगावचं.”

“राम.”

“मेंढरांचं.”

कपड्याचा रंग पाण्यात विरघळतो, गेरू नुसता तरंगतो आणि दमला की खाली बसतो, हे आता मला पाठ झालंय. मॅडमनी दोन दिवस माझ्याकडून नुसत्या बाटल्या घासून घेतल्या. तिसऱ्या दिवशी पोहे दिले आणि विचारलं, “ज्यांचा डबा रिकामा केलास त्यांना सांगितलंस का?” मी म्हणालो, गेरूवरून आमच्यात कुणी रुसत नाय. आणि त्याच दुपारी दिपालीचा फोन आला.

मामा, मला ठाऊक नव्हतं. गेरू नव्हता म्हणून नवी मेंढरं बिनखुणेची राहिली, टँकरच्या हौदावर कडूबाकाकांच्या कळपात मिसळली, आणि तीन मेंढ्यांवरून तुमचं बोलणं बंद झालं. तुम्ही म्हणता, मी माझं मेंढरू तोंडावरून ओळखतो. काकाही तेच म्हणतात. दोघं तीस वर्षं एकाच चिलमीवर बसलेली माणसं, आणि आता म्हणे टँकरपाशी एकमेकांकडं पाठ करून उभी राहता. बोकडानं सांडला तर पडवी लाल का नाय, म्हणजे गेरू काकांनीच चोरला, असं तुम्ही म्हणालात हेही कळलं. गेरू मी नेला. बोकडाचा आणि काकांचा काही गुन्हा नाय.

कारखाना चालू झाल्यावर मी खरं पाणी आणलं, वाटेत कुठं न बसता. भुकटीनं रंग ओढला, नुसती बाटली लालच राहिली. मॅडम हसल्या. हे ऐकून तुम्ही गावच्या तळ्यासाठी पोतंभर भुकटी मागाल, पण मॅडम म्हणतात, रंग गेला तरी खार आणि बाकीचं राहतं. नितळ दिसलं तरी नाल्याचं पाणी मेंढरांना दाखवू नका.

आपला आज्ञाधारक (आता तरी),
राम

ता. क. दूधवाल्याबरोबर औरंगपुऱ्यातून घेतलेला दोन किलो गेरू धाडलाय. डब्याला झाकण नवीन हाय.

ता. क. दुसरा. लोकर कातरायचे दिवस आले. दरसाल काका धरतात आणि तुम्ही कातरता. काका नसले तर मला धरावं लागंल, आणि माझ्या हातून मेंढरू सुटतं हे साऱ्या गावाला माहीत हाय. म्हणून हे पत्र काकांच्या ओट्यावर बसून वाचावं, एवढीच विनंती. खरं तर त्यासाठीच लिहिलं.

ता. क. तिसरा. (दिपाली, हे फक्त तुझ्यासाठी. भांडणातल्या तीन मेंढ्यांपैकी डाव्या कानाला चीर असलेली काकांचीच. मामा म्हणतात ती चीर आपल्या बाभळीची, पण दिवाळीत काकांच्या वाड्यात मोटारसायकल मागं घेताना ती मीच पाडली. तिथं मी काकांच्या बोकडाचं नाव सांगितलं होतं. मामांना हळूच सांग. आणि दोन्ही बोकडांना माझ्या नावानं एकेक भाकरी घाल.)