नळीतल्या मेणाबाबत कबुली आणि खानावळीची नोटीस माझ्या नावावर करून घेण्याविषयी

प्रति,
मा. उपअभियंता (सांडपाणी),
विभागीय कार्यालय.

विषय: तळमजल्यावरच्या खानावळीला दिलेली नोटीस मागे घेऊन ती अर्जदाराच्या नावे काढण्याबाबत.

संदर्भ: १) खानावळीच्या दारावर डकवलेली आपली नोटीस. २) जागेवर केलेला पंचनामा (पंच म्हणून माझी सही आहे). ३) आपल्या अभिनंदनाचा रहिवाशांचा अर्ज (त्यावरही माझी सही आहे, तिसरी).

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळवते, की आमच्या इमारतीची सांडपाण्याची नळी खानावळीच्या तेलातुपाने तुंबलेली नाही. ती माझ्या मेणाने तुंबली. हे एवढं एक वाक्य लिहायला मला अकरा दिवस लागले, याबद्दल आधी क्षमा मागते आणि मग बाकीचं सांगते.

१) मी दुसऱ्या मजल्यावर, राहत्या घरात मेणबत्त्या करते. आजवर ओळखीतल्या पन्नास-साठ मेणबत्त्यांच्या ऑर्डरी यायच्या आणि एक पातेलं, एक झारी आणि मी एवढ्यात काम भागायचं. गेल्या महिन्यात एका हॉटेलने बारा दिवसांत चोवीसशे मेणबत्त्या मागितल्या. मी हो म्हणून बसले.

२) माझे सासरे बाटल्या भरायच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले आहेत. मोठी ऑर्डर अशी गडबडीत होत नसते, तिला व्यवस्था लागते, असं म्हणून त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तक्ता काढला. स्वयंपाकघर म्हणजे वितळण विभाग. जेवणाचं टेबल भरणी विभाग. आमचा पलंग वात विभाग. न्हाणीघर थंडावा विभाग, त्यामुळे माझे यजमान दहा दिवस मित्राकडे आंघोळीला जात होते आणि जाताना सासऱ्यांच्या वहीत वेळ लिहून जात होते. मी मालकीण असूनही मला दोनदा जागा सोडल्याबद्दल तोंडी समज मिळाली.

३) आता मुद्दा. मेणाचं पातेलं गरम असतानाच रद्दी कागदाने पुसायचं असतं. मग त्याला पाणी लावलं तरी चालतं. हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण सासऱ्यांनी घड्याळ लावून पाहिलं, तर पुसायला साडेतीन मिनिटं लागत होती, आणि सासूबाईंनी उकळतं पाणी ओतून तेच पातेलं चाळीस सेकंदांत लखलखीत करून दाखवलं. सासूबाईंना कळकट भांडं डोळ्यांसमोर चालत नाही. तक्त्यावरचा ‘पुसणे’ हा चौकोन खोडला गेला, तिथे ‘धुणे’ आलं आणि सासूबाई स्वच्छता विभागाच्या प्रमुख झाल्या. मी म्हटलं, मेण नळीत जाईल. सासरे म्हणाले, उकळत्या पाण्यात मेण टिकतं का? नाही टिकत. पण पाणी खाली जाईपर्यंत उकळतं राहत नाही, हे आमच्या तिघांपैकी कोणाच्याही विभागात येत नव्हतं. रोज पंधरा पातेली. मी गप्प बसले, कारण रोज पाऊण तास वाचत होता.

४) ऑर्डर दोन दिवस आधी गेली. सासऱ्यांनी कारखान्यातला जुना बिल्ला लावून फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी खानावळीच्या मोरीतून पाणी उलटं वर आलं आणि थेट गिऱ्हाइकांच्या पायाखाली गेलं.

५) आपली माणसं आली, त्यांनी जोडावरची नळी कापली. आतून हातभर लांब, मनगटाएवढा जाड, फिकट गुलाबी रंगाचा गोळा निघाला. मुकादमांनी तो उन्हात धरला आणि ही खानावळीची चरबी आहे, गोठलेली, असं सांगितलं. रंग मसाल्याचा म्हणाले. वास साबणाचा म्हणाले. साहेब, तो वास गुलाबाचा होता, आणि त्या ऑर्डरीसाठी तो मीच निवडला होता. पंच म्हणून मला विचारलं, तेव्हा मी वाकून हुंगलं आणि ‘तेलकट वाटतंय खरं’ असं म्हटलं. मग सही केली. माझ्या नखांत त्याच रंगाचं मेण होतं, म्हणून मी मूठ मिटून सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं आहे ते त्यामुळे.

खानावळीत भांडी घासायला एक गृहस्थ आहेत, साठीच्या जवळ आलेले. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. ते त्या वेळी पुढे आले आणि म्हणाले, मी खरकटं तेल आधी डब्यात काढतो, मोरीत थेंब जाऊ देत नाही, वीस वर्षं हेच करतो. डबा आणून दाखवला. कोणी पाहिला नाही. मी तर पायांतल्या चपला पाहत होते. त्याच दुपारी खानावळवाल्या भाऊंनी मामांना कामावरून काढलं.

६) यापुढचं लिहिताना मला जास्त लाज वाटते. नळी उघडल्यापासून मागच्या गल्लीत गटाराला गुलाबाचा वास येऊ लागला. लोकांना वाटलं, आपल्या कार्यालयाने काहीतरी नवीन औषध टाकलं. आजूबाजूच्या तीन इमारतींनी आपल्या अभिनंदनाचा अर्ज केला. तो घेऊन शेजारच्या काकू दारात आल्या, तेव्हा सही न करण्याचं कारण मला सुचलं नाही. पुढे त्यांनी मलाच चार घरी फिरायला लावलं.

७) नळी दुरुस्त होईपर्यंत वरच्या मजल्यांवर मोऱ्या बंद होत्या. तेव्हा खानावळवाले भाऊ स्वतः प्रत्येक दारी आले आणि हात जोडून म्हणाले, वहिनी, माझ्यामुळे तुमची चूल बंद पडली, नीट होईपर्यंत डबा माझ्याकडून. स्वतःच्या चुलीवर काम करायला मिळत नसताना ते बाहेरून शिजवून आणत होते. आम्ही नऊ दिवस तो डबा खाल्ला. सासूबाई रोज डबा धुऊन परत करत होत्या. सासरे दोन घासांनंतर उठायचे. सहाव्या दिवशी त्यांनी तक्ता भिंतीवरून काढला आणि गादीखाली ठेवला. मग आम्ही चौघं एकमेकांकडे बघायचंही टाळू लागलो.

८) सोमवारी खानावळीला कुलूप लागणार आहे. म्हणून विनंती, की नोटीस माझ्या नावे करावी आणि दंड मला लावावा. पंचनाम्यासोबत नेलेला तो गोळा, म्हणजे पुरावा, आपल्याच कपाटात आहे. त्या गोळ्यात मधोमध सुती वात खोवून पेटवून पाहावी. चरबी धुरकट जळेल आणि घाण वास सुटेल. माझं मेण सरळ ज्योतीने जळतं, हे मी फुशारकीने सांगत नाही. घरात विनापरवाना धंदा केल्याबद्दल तो बंद करायला सांगितलंत, तर बंद करेन. हॉटेलने पाच हजार मेणबत्त्यांची नवी ऑर्डर दिली आहे, तिला मी अजून हो म्हटलेलं नाही.

९) माणसाला कळायच्या आधी कागदाला कळावं हे बरं दिसलं नसतं, म्हणून आज सकाळी भाऊंना जाऊन सांगितलं. ते बराच वेळ एकच टेबल पुसत राहिले. मग मामांचा पत्ता दिला आणि त्यांना परत यायला सांगा म्हणाले.

मामांकडेही जाऊन आले. एका खोलीत बहिणीसोबत राहतात. मी सगळं सांगितलं, मी हुंगून काय म्हटलं तेही. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. भाऊ परत बोलावताहेत असंही मी म्हटलं. ते म्हणाले, येईन, पण आधी लेखी द्या, त्यावर कार्यालयाचा शिक्का असू द्या. मी म्हटलं, मामा, मी समोर येऊन सांगतेय ना. त्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘ताई, तोंडी तर मीही सांगितलं होतं.’

तरी या अर्जाच्या एका प्रतीवर आपल्या कार्यालयाचा शिक्का आणि तारीख मिळावी. बाकीच्या विनंत्यांना वेळ लागला तरी चालेल. ही मात्र सोमवारच्या आत व्हावी.

आपली, मान खाली घालून,

(सही)
मेणबत्तीवाली, दुसरा मजला, डावीकडचं दार
शनिवार

सोबत:
१) सासऱ्यांनी काढलेला तक्ता, खोडलेल्या चौकोनासह.
२) त्याच ऑर्डरीतली उरलेली मेणबत्ती, ताडून पाहण्यासाठी.
३) मामांच्या नावची प्रत. खाली शिक्क्यापुरती जागा सोडली आहे.