कॉल ऑफ म्हणजे रद्द

गुरुवार, संध्याकाळ

आज सांगून टाकलं एकदाचं. काल घरच्या शिकवणीत मुलांना ‘कॉल ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे असं लिहून दिलं, वर अकराही वह्यांत लाल पेनाने बरोबरची खूण केली. नंतर डिक्शनरी पाहिली, तर अर्थ रद्द करणे! पुढे ढकलणे म्हणजे ‘पुट ऑफ’. इतकं कसं चुकलं? घरात शिकलेली मीच पहिली, विचारणार तरी कुणाला? आता मला मॅडम कोण म्हणेल, या भीतीने जेवलेच नाही.

आई म्हणाली होती, “चुकलं त सांगून टाकजो. पोट्टे खाऊन टाकतील का तुले?”

आज अकराही वह्यांतली माझीच लाल खूण खोडली. खरा अर्थ लिहून दिला, ‘पुट ऑफ’पण समजावलं. मग पिंकी उठली. “मॅडम, समजलं आता. उद्याची टेस्ट कॉल ऑफ करून टाका न!”

मी म्हटलं, “कॉल ऑफ नाही, पुट ऑफ. सोमवारी घेईन.”

“अरे यार!” सगळे एकदम ओरडले. म्हणजे फरक कळला, अकराही जणांना! स्वयंपाकघरात आईपण हसली. तिला काय कळलं कोण जाणे. आज दोन भाकरी खाल्ल्या.