न उचललेला बेलभंडारा

तात्या, यंदा पाट कोरडा आहे. पाऊस नाही, आणि हाताला काम नसलेली माणसं पाटाच्या भरावावर बसून जुनं उकरत राहतात. मागच्या खेपेला गावी गेले तेव्हा एकजण मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "हिच्या बापानं तवाच पाणी इकलं. आता ही नर्सबाई हुनार, कोन बोलनार?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी.

तुम्ही पाटकरी. कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, ते तुमच्या हातात. त्या उन्हाळ्यात पाळी होती एका विधवा म्हातारीच्या कांद्याची, आणि तुम्ही पाटाचं दार उघडलंत एका बागाईतदाराच्या उसाला, ज्याचं भरणं आदल्याच दिवशी झालेलं. म्हातारीचा कांदा वाळून गेला. गावाला वाटलं, पाणी विकलं.

मला मात्र त्याच्या आधीच्या सकाळी आठवतात. आई चुलीपाशी भाकरी थापते आहे, मी तिच्या मागे पाटी घेऊन बसले आहे, आणि तुम्ही फडताळातले डबे उपसता आहात. "दाराची किल्ली कुठं ठिवली?"

"तुमच्या कमरंला हाय की."

"तू काढून परत बांधली. त्या बागाईतदाराला देतीस तू."

"व्हय, देते. वर च्या बी पाजते त्याला," आई हसली. पुढेपुढे तिनं हसणं सोडलं. तुमची पन्नाशीसुद्धा उलटली नव्हती.

मग देवळात गाव जमलं. हातात बेल आणि भंडारा घेऊन देवासमोर सांगितलं की गाव मानतं, पुन्हा विचारत नाही. "उचला तात्या, म्हना मुद्दाम केलं न्हाई. मिटलं," म्हातारे म्हणाले. तुम्ही त्या पिवळ्या ढिगाकडे बघत राहिलात. "मला आठवत न्हाई. आठवत नसताना कसा उचलू?" मागून कोणीतरी म्हणालं, "चोराला बरा इसर पडतो." तुम्ही रिकाम्या हातानं घरी आलात, आणि तेव्हापासून आम्ही चोराच्या घरचे.

इथे नगरला नर्सिंगच्या पुस्तकात एक आजार आहे. एका जर्मन डॉक्टरच्या नावावरून त्याला अल्झायमर म्हणतात. माणूस म्हातारा होण्याआधीच विसरू लागतो, घरच्यांवर संशय घेतो. तो मेल्यावर मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर डाग दिसतात, आणि पेशींमध्ये गुंता झालेले धागे. मी डॉक्टरांना विचारलं, कशानं होतो? "अजून कळलेलं नाही. शोध चालू आहे." औषध? "नाही." मग ते म्हणाले, म्हातारपणच्या विसराळूपणाला आपण रक्तवाहिन्या कडक झाल्या म्हणतो, पण तोही हाच आजार असावा असं आता काहींना वाटतं. खात्री कशी करायची? "मेंदू तपासल्याशिवाय नाही." तुम्हाला तर आम्ही ओढ्याकाठी अग्नी दिला.

मी आईला हे सांगायला नको होतं. तिनं लगेच हट्ट धरला, "यात्रंला ये. भंडारा उचल आन् सांग समद्यांला, त्यो आजार हुता म्हनून."

तेव्हापासून मला सगळ्याचाच संशय येतो. पुस्तकाचा येतो, कारण ते तुम्हाला फारच नेमकं बसतं. माझा येतो, कारण मला जे हवं होतं तेच मला सापडलं. आणि तुमचाही येतो. खोटं बोलणाऱ्यानं भंडारा बेधडक उचलला असता, असं मी स्वतःला समजावते. मग वाटतं, पाणी विकणाराही देवाला भीत असेलच की.

उद्या यात्रा. मी जाणार आहे. तो आजार असावा, असं सगळ्यांसमोर सांगेन, पण भंडारा उचलणार नाही. आई कळवळेल. लोक म्हणतील, बापासारखीच. म्हणोत.

हे कागद घडी करून पेटीत ठेवते आहे, आईला वाचून दाखवणार नाही. कारण एक गोष्ट अजून लिहायची राहिली. आज सकाळी या पेटीची किल्ली सापडेना, तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी खोलीतल्या मैत्रिणीचं नाव आलं. किल्ली माझ्याच पदराला होती.