उलटे आटे

३ नोव्हेंबर, सोमवार

शेवटी जीपवरची ताडपत्री ओढली. बाबा गेल्यावर अकोल्याहून ट्रकवर घालून इथे अमरावतीला आणली, तेव्हापासून मागच्या टिनाखाली उभी. चालून तर एकोणीस वर्षं झाली. आत उंदरांचा संसार, गादीचा भुसा, कप्प्यात बाबांच्या रोपवाटिकेची पिवळी पडलेली लेबलं.

निमित्त कालच्या माणसाचं. चिखलदऱ्याकडे रिसॉर्ट काढतोय म्हणे. "काका, चालत नसली तरी चालते. दारात शोभेले ठेवू, आतमंधी फुलझाडं लावू." बाबांनी हिच्यातून गावोगाव संत्र्याची कलमं वाहिली, आणि ही आता कुंडी होणार? मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. त्यावरून नलिनी संध्याकाळपर्यंत फुरंगटून होती.

रिटायर होऊन पाच महिने. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये तीस वर्षं दुसऱ्यांची यंत्रं पुसली. आता घरचं एक. ही चालवायची. ठरलं.

५ नोव्हें., बुध.

इंजिन जाम. चारही प्लग काढून आत तेल सोडलं. तीन-चार दिवस मुरू द्यायचं, लोणच्यासारखं.

नलिनी म्हणते, "सवत अंगणात ठेवली होती तोवर ठीक होतं. आता तिची सेवा बी सुरू झाली."

विनोद असता तर एका दिवसात... हे वाक्य खोडलं होतं, पुन्हा लिहितोय. धाकटा भाऊ. पेचकसाचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून सांगायचा कुठे दुखतंय ते. हिवरखेडला असतो, बायकोच्या माहेरच्या शेतात केळी करतो. माझ्याशी बोलणं नाही. आईला भेटायला यायचा, पण दहा ते पाचच्या मधे, मी कॉलेजात असताना. मी रिटायर झालो आणि तो यायचा बंद झाला. फाटक वाजलं की आई मान वळवते.

९ नोव्हें., रवि.

फिरलं! हँडलला लटकलो तेव्हा आधी पाठ वाजली, मग इंजिन. अर्धा फेरा, मग पूर्ण. मी ओरडलो. आई खुर्ची घेऊन अंगणात येऊन बसली. चौऱ्याऐंशी वय, पण कान शाबूत.

"विन्याले कळवलं काय?"

मी कार्बोरेटरमध्ये डोकं घातलं.

१२ नोव्हें., बुध.

चाकं काढायला घेतली. उजवी दोन्ही निघाली. डाव्या पुढच्याला पाना लावला, अंगातलं सगळं बळ घातलं, नट हलेना. पाइप घालून लटकणार तेवढ्यात रिमवरचा लाल रंगाचा ठिपका दिसला आणि आठवलं. बाबांचा धडा: डावं उलटं. ह्या जुन्या जीपच्या डाव्या चाकांच्या नट-बोल्टांचे आटे उलटे असतात. सगळं जग जिकडे फिरवून सोडवतं, तिकडे फिरवलं की हे आवळतं. म्हणून बाबांनी डाव्या चाकांवर लाल ठिपके दिले होते. मी अजून थोडा जोर लावला असता तर बोल्टच पिळून तुटला असता.

विनोदला ठिपके लागायचे नाहीत. डावीकडे गेला की त्याचा हात आपोआप उलटा फिरायचा.

१५ नोव्हें., शनि.

डावं मागचं. (डा.मा. लिहितो ह्यापुढे.) ह्याच चाकाने सगळं केलं.

कोणासाठी लिहितोय कोण जाणे, पण लिहितो. त्या दिवशी बाबा आणि वि. कलमं घेऊन सेमाडोहला निघाले. निघण्यापूर्वी चारही चाकांच्या नटांना पान्याने आवळायच्या दिशेने एकेक झटका देऊन बघायचा, हा घरचा रिवाज. ते काम वि.चं. घाटात डा.मा. चाक निघालं आणि गाडीच्या पुढे धावत गेलं. गाडी डोंगराच्या अंगाला जाऊन घासली. बाबांचं कमरेचं हाड मोडलं, ते पुढे जेमतेम दोन वर्षं काठीवर जगले. वि. म्हणत राहिला, "मी कसले होते, बाबा, एकेक पाह्यला होता." पण पाचपैकी तीन नट गळून गेलेले सगळ्यांनी पाहिले होते.

बाबा त्याला एवढंच म्हणाले, "आता गाडीले हात नोको लाऊ." तो काढणार होता त्या गॅरेजची पाटी रंगवून आली होती. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्यानंतर त्याने पान्याला हात लावला नाही.

आज त्या चाकामागचा ड्रम रॉकेलने धुतला. पाच बोल्ट. दोन मुळाशी तुटलेले, त्यांच्या बुडख्यावर उलटे आटे स्पष्ट. उरलेले तीन शाबूत, टोकं तेवढी चेचलेली. त्यातला एक ठोकून बाहेर काढला, टोक कानशीने घासलं आणि नटांचं डबडं उपसून साधा, नेहमीच्या आट्याचा नट लावून पाहिला.

बसला. सरळ. बोटाने.

१६ नोव्हें., रवि.

बाकीचे दोनही तसेच. सरळ आट्यांचे.

जुन्या रोजनिश्या खाली काढल्या. त्या सालच्या दिवाळीत मी सुटीला अकोल्याला गेलो होतो. माझंच अक्षर: "डा.मा. चे तीन बोल्ट झिजलेले. बाजारातून नवे आणले, नटांसकट. अर्ध्या तासात बसवले, वर ग्रीस. बाबा झोपलेले, वि. बाहेर. कोणाला सांगितलं नाही. बाबा बघतील आणि विचारतील कोणी केलं म्हणून, तेव्हा सांगू."

त्यानंतर सहाव्या दिवशी, दवाखान्यातून आल्यावर: "वि.ने चाक कसलं नव्हतं."

दोन्ही मीच लिहिलं. मधे फक्त पाच पानं.

१८ नोव्हें., मंगळ.

जेवण जात नाही. नलिनीला वाटतं पित्त झालं.

पुन्हा पुन्हा तेच डोळ्यासमोर. वि. डाव्या बाजूला येतो, सवयीने पाना उलटा झटकतो. दोन जुने हलत नाहीत, कसलेले आहेत. माझे तीन मात्र किंचित सरकतात. सुटतात. आणि त्याला वाटतं, आवळले. नटांवर ग्रीस आणि माती, आत काय आहे कसं दिसणार? ज्याला काही येत नाही त्याने केलं असतं तर चाक शाबूत राहिलं असतं. त्याला नीट येत होतं म्हणून निघालं.

आणि बाबांनी मला कधी विचारलंच नाही, बोल्ट कोणी बदलले. मी अपघातानंतर ते विसरलो? की विसरल्यासारखं केलं? खरं सांगतो, मला माहीत नाही. दवाखान्यात "चाक कसलं नसेल" हे सगळ्यात आधी मी म्हणालो होतो, एवढं पक्कं आठवतं. तेव्हा बरंही वाटलं होतं. घरात हाताने हुशार तो, मी पुस्तकातला. एक दिवस तो चुकला, ह्याचं बरं वाटलं होतं. लाज वाटते लिहायला.

ग्राइंडरने तिन्ही बोल्टांचे आटे उडवले तर पाच मिनिटांचं काम आहे. दुपारी ग्राइंडरची वायर लावली होती. मग काढून ठेवली.

२० नोव्हें., गुरु.

आईला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. सगळं ऐकून घेतलं, उलटे आटे, सरळ आटे, मी जितकं नीट सांगू शकलो तितकं. सोलणं थांबलं नाही.

"म्हणजे विन्यानं कसले होते."

"हो."

"थो तर तेच सांगत होता."

मग टरफलं गोळा करत, "मले काहून सांगून रायला? मी का त्याचा भाऊ आहो?"

२३ नोव्हें., रवि.

हिवरखेडला जाऊन आलो. अंजनगाव, अकोट, पुढे हिवरखेड. पिशवीत बोल्ट आणि नट फडक्यात गुंडाळून. वाटेत दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं. अकोटला तर उतरलोही, रसवंतीवर रस प्यालो आणि पुढची गाडी धरली.

वि. खाटेवर बसला होता, पायांवर केळीचे काळे डाग. केस सगळे पांढरे. त्याची बायको सरिता पाणी घेऊन आली. तो माझ्याकडे नाही, पिशवीकडे बघत होता. मी फडकं उघडलं आणि सांगत गेलो. दिवाळी, बाजार, तीन बोल्ट.

त्याने नट उचलला, बोल्टवर चढवला. उतरवला. पुन्हा चढवला. तिसऱ्यांदा डोळे मिटून.

"पाव आटा," तो म्हणाला.

"काय?"

"झटका देला तवा बाकीचे हालले नाई. हे तीन पाव पाव आटा सरकले. मले वाटलं कसून रायले. बरं झालं पाह्यलं म्हटलं, नाई तं चाक निघालं असतं." मग हसला. ते हसणं बघवत नव्हतं. "एकोणीस वर्सं हाच इचार करून रायलो दादा, कसले तं सुटले कसे."

मी हात जोडले. त्याने ते बघितले नाहीत.

"तू तं लॅबमंधी होता. तुले आटे समजत नव्हते?"

"नाही समजले. बसले, ह्यातच खूश होतो."

"अन् बदलले म्हून सांगतलं काहून नाई?"

"बाबांनी विचारावं असं वाटत होतं."

त्यावर तो उठला. "बाबानं तं मले बी काई इचारलं नाई," म्हणाला आणि केळीत पाणी बघायला गेला. दीड तास बसलो. आला नाही.

सरिताने स्कूटीवर स्टँडपर्यंत सोडलं. म्हणाली, "दादा, लग्न झाल्यापासून यायनं सायकलची चैन बी चढवली नाई. मी आळशी म्हणो."

बोल्ट आणि नट त्याच्याकडेच राहिले.

२ डिसें., मंगळ.

नागपूरहून उलट्या आट्यांचे पाच बोल्ट आले. प्रत्येकाच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला, लेफ्टचा. भिंगातून पाचही तपासले, मग नट फिरवून पाहिले, मग पुन्हा भिंग. नलिनी म्हणाली, "पोरीसाठी स्थळ बी इतकं पाह्यलं नव्हतं."

ड्रममध्ये बसवले. इंजिनही सुरू झालं आज, धूर आणि खोकला, पण चाललं. आईने खिडकीतून ऐकलं. टाळी वाजवावी असं मला आतून वाटलं नाही.

हिवरखेडहून काही नाही.

५ डिसें., शुक्र.

दुपारी फोन. अनोळखी नंबर.

"मी."

आवाज ओळखला. पाटावरच बसलो.

"नवे बोल्ट आले?"

"आले. एल आहे, पाचही वर."

"ड्रममंधी ठोकले?"

"हो."

"चाक लावलं?"

"नुसतं टांगलंय. नट बोटाने फिरवले तेवढेच. कसले नाहीत."

मागे मोटारपंपाचा आवाज.

"डाव्याले हात नोको लाऊ."

आणि ठेवला.

आई समोरच होती. मी शब्द न् शब्द सांगितला. ती म्हणाली, "हेच त्याले तुह्या बापानं म्हटलं होतं."

"म्हणजे तो येतो म्हणतोय, की..."

"मले काय इचारतं? तुले म्हटलं त्यानं. तू समज."

७ डिसें., रवि.

दोन दिवस तेवढंच डोक्यात. चार शब्द. बाबांनी हेच म्हटलं तेव्हा ती शिक्षा होती. त्याने ती मला परत केली, की काम स्वतःकडे घेतलं? फोन लावून विचारावं, तर विचारायचा हक्क कोणता?

मग आज सकाळी दाढी करताना सुचलं. तो यायचा ते दहा ते पाच.

८ डिसें., सोम.

नलिनीकडून कॉलेजचा जुना डबा भरून घेतला, इस्त्रीचा शर्ट घातला. आई बघत होती. बाबांचा चाकाचा पाना पुसून बॉनेटवर ठेवला, फाटकातून दिसेल असा. दहाला बाहेर पडलो. वाचनालयात पाचपर्यंत बसलो. एकच पेपर तीनदा वाचला.

परत आलो. पाना जिथे ठेवला तिथेच. डा.मा. चे नट कसलेले की बोटाने लावलेले, ते हात लावल्याशिवाय कळत नाही. आणि हात लावायचा नाही. वाकून नुसतं पाहिलं. आईने कोण आलं, कोण नाही, काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

नलिनीला म्हणालो, उद्याही डबा दे.