तुझा उपास

प्रिय आई,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, दोन्ही वेळा नीट जेवते. सकाळी देवाला हात जोडल्याशिवाय बाहेर पडत नाही, तेव्हा ती काळजी सोड. बाबांचा गुडघा कसा आहे?

काम चाललंय. वस्तीतल्या बाळांची वजनं घ्यायची, आयांना काय खायचं ते सांगायचं. त्यातलं एक बाळ अंगावर पितं, पण वजन घटतच चाललंय. ते बरं व्हावं म्हणून त्याच्या आईनं कडक उपास धरलाय, आणि उपासानं तिचं दूधच आटलंय. अशा बायकांना दूध-अंडी द्या म्हणून मी वॉर्डाच्या सभेत भांडले. "बघू पुढच्या बैठकीत," तिथले साहेब म्हणाले.

काल त्या बाळाच्या आईला म्हटलं, "ताई, तुम्ही जेवलात तरच बाळाला दूध मिळेल. देव काही रागावणार नाही."

"तुमची आई धरते का तुमच्यासाठी उपास?"

खोटं बोलायला जीभ रेटेना. "धरते," म्हटलं. "मला नोकरी लागावी म्हणून धरला होता. लागली, तरी सोडत नाही."

"मग तिला सांगा की जेवायला."

मी वजनकाटा उचलला आणि निघाले.

तुला चक्कर येते, हे दादानं कळवलंय. आई, एवढं वाचून झालं की पानावर बस. जेवलीस की दादाला फोन करायला सांग. तोवर माझं पाऊल त्या ताईच्या गल्लीकडे वळत नाही, आणि बाळ तिकडे दुधासाठी थांबलंय.

तुझ्या उपासावर पोसलेली,
लेक