दोन भावांची तेलगिरणी

कोपरी, ठाणे
फेब्रुवारी १९५६

प्रिय दौलत,

तुझा कांडल्याचा पत्ता काल दामाजीकडून मिळाला. मिठाच्या कामाला तो तिकडे गेला होता, तेव्हा तुला गोदीत पाहिलं म्हणाला. वाळलायस म्हणे. जेवणाचं बघत जा रे.

आपल्या दादाने इकडे शाळेच्या एका खोलीत व्यापाराचा वर्ग सुरू केला होता, हे तुला ठाऊक नसेल. दुकानांत, वखारींत राबणारी पोरं संध्याकाळी यायची. पुस्तकातलं त्यांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा दादा त्यांना रविवारी रूळ ओलांडून सिनेमाला नेऊ लागला. मग वर्गात विचारायचा, शेटचं दुकान का बुडालं? गिऱ्हाईक कुणी तोडलं? शाळेच्या चालकांना हे थेर वाटले. त्यांनी खोली काढून घेतली, तसा वर्ग माझ्या ओटीवर आला. वहिनी गेल्यापासून दादा माझ्याकडेच राहायचा ना. मी चुलीपाशी बसून ऐकायची. हसशील, पण भांडवल म्हणजे काय ते आता मलाही कळतं.

दिवाळीनंतर त्यांनी दोन भावांच्या तेलगिरणीचा सिनेमा पाहिला. थोरला धाकट्याला न विचारता परका भागीदार घेतो आणि धाकटा घर सोडतो. पोरं म्हणाली, धाकटा तापट, चूक त्याचीच. दादा म्हणाला, "नाही. ठरवून झाल्यावर सांगणं म्हणजे विचारणं नव्हे." आपलं मिठागर त्याने ठेकेदाराला दिलं, तेव्हा तू अंगणात उभा राहून हेच तर ओरडत होतास. त्या दिवशी वर्ग लवकर सुटला. मी पाणी घेऊन गेले, तर म्हणाला, "गोदे, दौलतचं बरोबर होतं गं." मी म्हटलं, पत्ता शोधू, लिही त्याला. तर म्हणे, "पत्राने नको. मी स्वतः जाऊन सांगेन."

त्याला जाता आलं नाही रे. पौषात कावीळ झाली. झाडपाला झाला, डॉक्टर झाला, अंगावरचं पिवळं काही उतरेना. गेल्या मंगळवारी दादा गेला. पोटी मूल नाही, म्हणून शेजारच्या मोरूने अग्नी दिला. अस्थींचं मडकं खाडीकाठी उंबराला बांधलंय. मोरू म्हणतो, आता अस्थी खाडीत सोडून टाकू. मी कुणाला हात लावू दिलेला नाही. सगळ्यांना सांगितलंय, त्याचा भाऊ येतोय. मला खोटं पाडू नकोस.

तुझीच,
गोदाताई