आजीसारखं सायन्स

आई, तुझ्या नातीनं अकरावीला सायन्स घेतलं. पुढं चित्रकलेच्या डिग्रीला जायचं म्हणून सायन्स घेतलं, आणि त्याचं सगळं श्रेय तुला देऊन मोकळी झाली. तिनं तुला पाहिलंही नाही, तरी दोन दिवस झाले, घरात तुझाच जयजयकार चालू आहे. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही हे मला माहीत आहे, पण तुला कळवल्याशिवाय चैन पडेना.

माझ्या दहावीनंतरची ती बैठक तुला आठवत असेल. आपल्याकडे पोरांचे विषयसुद्धा सोयरिकीसारखे ठरायचे. ओसरीवर सतरंजी, मधोमध पानसुपारीचं ताट, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला जवळा बाजार गावाहून मुद्दाम बोलावलेला मामा. जो कधी शाळेची पायरी चढला नाही तोसुद्धा रस्त्यानं जाताजाता थांबून मत देऊन गेला. विचारलं नाही ते फक्त मला. नवरीला कोण विचारतं! मला चित्रकला शिकायची होती हे आपल्या अख्ख्या कुरुंदा गावाला ठाऊक होतं. शाळेच्या फळ्यावरच्या सुविचाराभोवतीची वेलबुट्टी आणि गॅदरिंगचा पडदा माझ्याच हातचा. पण मामा म्हणत होता, "पोरगी हुशार हाय. सायन्स घेऊ द्या, नर्सिंगला लागंल. चितरं काढून कुणाचं पोट भरलं?" आणि बाबा मान डोलवत होते.

मी तणतणत स्वयंपाकघरात येते. तू चुलीपुढं बसून तुरीच्या डाळीतले खडे वेचते आहेस. "आई, तू तरी बोल ना काहीतरी," मी म्हणते. तू मान वर करत नाहीस. "सायन्स म्हणतेत तर सायन्स घे. दोन वर्साचं तर काम हाय. तोंड काहून पाडलंस?" मला रडू फुटतं, तर म्हणतेस, "तिकडं सरकून रड. डाळ खारट व्हईल." माझा असा संताप झाला होता की मी तुझ्याशी बोलणंच टाकलं. तू समजूत काढली नाहीस. धपाटे थापलेस आणि ताट पुढं सरकवलंस, आणि मी निर्लज्जासारखी तीन खाल्ले.

मग वसमतचं कॉलेज आणि रोजची एसटी. फिजिक्सचं आणि माझं काही केल्या जमलं नाही. भिंगातून जाणारे किरण मी इतके देखणे काढायचे की सर आधी वाखाणायचे आणि मग शून्य द्यायचे, कारण किरण भलतीकडंच जायचे. त्या दिवाळीत तू मला ड्रेसच्या कापडाऐवजी रंगांची पेटी आणलीस. "बाजारात दिसली, घेतली," एवढंच बोललीस. बारावीचा निकाल लागला तेव्हा फिजिक्समध्ये मी कशीबशी काठाला लागले होते. पुन्हा तीच सतरंजी आणि तोच मामा. या खेपेला मात्र तो हात जोडून म्हणाला, "हिला चितरंच काढू द्या बा. ही सिस्टर झाली तर पेशंट मरतेल." तेवढ्यात शाळेतले चित्रकलेचे सर आले. त्यांनी सांगितलं की चित्रकलेच्या डिग्रीला बारावी कोणत्याही शाखेची चालते, प्रवेशपरीक्षा तेवढी नीट द्यावी लागते. मी आत डोकावले तर तू तोंडाला पदर लावून हसत होतीस.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. दोन वर्षांपूर्वी, बैठकीच्या आधी, जवळ्याच्या बाजारात कांद्याच्या ढिगापाशी तू याच सरांशी बोलत उभी होतीस, मी लांबून पाहिलं होतं. म्हणजे शाखेची अट नाही हे तू तेव्हाच विचारून ठेवलं होतंस! बाप्यांशी भांडत बसण्यापेक्षा तू त्यांना दोन वर्षं देऊन टाकलीस आणि पुढची सगळी माझ्यासाठी राखलीस. किती अभिमान वाटला तुझा! वसमतला माझं लग्नपत्रिका आणि बॅनर डिझाइन करायचं दुकान आहे, तिथं येणाऱ्या गिऱ्हाइकांनासुद्धा मी ही गोष्ट सांगते. लेकीला तर ती दुधाच्या बाटलीबरोबर पाजली.

तिचा दहावीचा निकाल लागला तेव्हा मी कंबर कसूनच बसले होते. हिच्या वेळी मी स्वयंपाकघरात बसणार नाही, बाहेर सगळ्यांच्या मधोमध बसून भांडणार, हे मी ती पाळण्यात असल्यापासून ठरवलं होतं. हिंगोलीहून दादा आला. मामाचा मान आता त्याचा. पण सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच म्हणाला, "आर्ट्स घे बेटा. अभ्यास कमी, आरामात चितरं काढ, परीक्षेची तयारी बी व्हईल." तुझे जावईही म्हणाले, "बराबर बोलले दादा." भांडायला कुणी उरलंच नाही! मी इतक्या वर्षांची घोकून ठेवलेली वाक्यं गिळून टाकली, आणि खरं सांगते, थोडं वाईटच वाटलं.

तेवढ्यात ही बया म्हणाली, "मामा, मी सायन्स घेऊन राहिले."

मी धसकले. माझ्या सायन्सच्या त्या दोन वर्षांत माझा हात पार आखडला होता. प्रवेशपरीक्षेत समोर ठेवलेला माठ माझ्या कागदावर असा कलंडला होता की आता पाणी सांडतं की काय असं वाटावं. त्या वर्षी माझा प्रवेश हुकला आणि एक वर्ष घरी बसून रोज माठ काढावे लागले. मी म्हटलं, "अगं, ट्यूशन, प्रॅक्टिकल, यातून तुझा हात कसा राहणार?"

"मम्मी, तिरपी सावली तुला काढता येते, पण ती तिरपी काहून पडते ते सांगता येत न्हाई," ती म्हणाली. "मला दोनी पाहिजे. रोज एक चित्र काढल्याबिगर झोपणार न्हाई, मग तर झालं? आन् आजीनं तुला हेच करायला लावलं व्हतं ना? मग आजी चुकली व्हती का?"

दादा माझ्याकडं पाहून खो खो हसला. मीच रचलेल्या पोवाड्यानं माझं तोंड बंद केलं होतं. आम्ही मोबाईलवर तिचा फॉर्म भरला, आणि परवा रात्रीपासून ती खरंच रोज एक चित्र काढते आहे. पहिलं तुझं काढलं, माझ्याकडच्या एकुलत्या एका फोटोवरून, आणि नाक जरा मोठंच झालंय.

आई, पोरीनं दोन वर्षं तुझ्या शहाणपणाच्या भरवशावर लावली आहेत, म्हणून तुला एक सांगून टाकते. गोष्ट सांगताना मी एक तुकडा नेहमी गाळते. माझ्या बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर तू नळावर शेजारच्या काकूला सांगत होतीस, "आमची सिस्टर व्हनार. पांढऱ्या कपड्यात लई नामी दिसंल." हे बोलताना तुझा चेहरा इतका फुलला होता की मी हंडा न भरताच मागच्या मागं घरी आले. बाजारात त्या दिवशी सरांशी तू खरंच काय बोलत होतीस, ते मी तुला कधी विचारलं नाही.